मागचा डावा

आमच्या शेजारचे तात्या कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्या पाठीवर थाप मारतात आणि चटकन बाजूला होतात. लाथ बसू नये म्हणून. लोखंडी कपाटाला मारली, शिलाई मशीनला मारली, फ्रिजला मारली. भिगवणचा दुकानदार म्हणाला, "तात्या, फ्रिज लाथ मारत न्हाय हो." तात्या म्हणाले, "मारायच्या आदी कुणीच मारल्याली नसती."

हे म्हातारपणाचं खूळ नाही. तात्या हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. उभी उमर बाजारात गेली, त्यामुळं जगातल्या सगळ्या वस्तू त्यांना चार पायांच्या दिसतात. बैलाचं वय दातांवरून कळतं. म्हणून माणूस नवा भेटला की तात्या आधी त्याच्या तोंडाकडं बघतात. सोसायटीत नवीन सेक्रेटरी आला, तेव्हा हे त्याच्यासमोर गप्प उभे राहिले. तो बिचारा ओशाळून हसला, तेवढ्यात यांनी दात बघून घेतले. बाहेर येऊन मला म्हणाले, "वय हाय, पण अजून औताला चालंल."

त्यांचं दुसरं म्हणजे, "खोड काय?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. एखादा बैल मारका असतो, एखादा चिखलात बसकण मारतो, एखादा पाण्याला बुजतो. "बिनखोडीचं जनावर कोण कशाला बाजारात आणंल? खोड सांगत न्हाय तो लबाड." मुलीसाठी स्थळ बघायला सोलापूरकडं गेले, तेव्हा पोहे यायच्या आधी यांनी मुलाला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. "जरा चाल बघू द्या." मग त्याच्या बापाला विचारलं, "खोड काय?" सगळी बैठक गार पडली. बाप कसाबसा म्हणाला, "घोरतो." तात्यांनी तिथंच सुपारी फोडली. मुलगी सुखात आहे. घोरण्याची तक्रार मात्र दर दिवाळीला करते आणि तात्या म्हणतात, "सांगून दिल्याली खोड हाय, परत घेत नसतात."

भाव ते तोंडानं कधी बोलले नाहीत. जुन्या बाजाराची रीत म्हणजे उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून सौदा करायचा. चार लोक भोवती उभे असले तरी कुणाला कळत नाही. आमच्या गावात भाजीवालीसुद्धा तात्या आले की हात मागं घेते.

तात्या कधी फसले नाहीत, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. बैल ते नेहमी बोलीवर आणायचे. बोली म्हणजे जनावर एका रात्रीसाठी घरी न्यायचं, पारखायचं, पटलं तर ठेवायचं, नाहीतर सकाळी परत. लोकांना वाटायचं, तात्या रात्रभर विचार करतात. विचार कसला! आमची आणि त्यांची भिंत एक. मला सगळं ऐकू यायचं. दिवस मावळताना ते बैलाला अंगणात गोल फिरवायचे. त्यांची बायको गोदा आत चुलीपुढं भाकरी थापत असायची. तिनं बैल बघितलेलाही नसायचा. नुसता पायांचा आवाज ऐकायची आणि भाकरी उलटता उलटता म्हणायची, "फुडचा उजवा जपून टाकतोय." नाहीतर, "दमा हाय, श्वास ऐका की." नाहीतर, "चांगला हाय, ठेवा." सकाळी तात्या बाजारात जाऊन तेच वाक्य मिशीला पीळ देऊन सांगायचे.

मी हे गावात कुणाला सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही.

मग गोदाचे डोळे गेले. साखरेनं आधी अंधुक झाले, मग पार गेले. तात्यांनी शेवटची जोडी विकली, घुंगरमाळा खुंटीला अडकवल्या आणि व्यापार बंद केला. गोदाला एवढं वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण तिचं काम कानांचं होतं आणि कान शाबूत होते. पण अंगणात ऐकायलाच काही उरलं नाही. ती आतल्या खोलीत बसायला लागली. मग बोलायची कमी झाली. मग 'व्हय' आणि 'न्हाय' एवढंच. मग तेही मानेनं.

तात्यांनी काय काय केलं. मोबाईलवर कीर्तनं लावली. तिची खाट खिडकीशी आणली. मुलीला बोलावून घेतलं, ती महिनाभर राहून रडून गेली. एकदा मी गेले तर तात्या गोदाच्या बिनसाखरेच्या चहात मीठ घालत होते. चांगलं चमचाभर. मी म्हटलं, "तात्या, डोकं फिरलं का?" ते हळूच म्हणाले, "गप ऱ्हा आक्का. शिवी तर दील." गोदानं तो चहा शांतपणे प्यायला आणि कप खाली ठेवला. तात्या दारात उभे होते. पुढं होऊन त्यांनी कप उचलला आणि विसळायला नेला.

असं चाललं असताना तात्या खेळण्याच्या नादी लागले, म्हणून मला त्यांचा राग आला होता.

झालं असं. थंडीत आमच्या धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. रविवारी गाड्या भरभरून लोक फोटो काढायला येतात. मी चिलापी मासे घ्यायला काठावर गेले होते, तात्या असेच फिरत आलेले. धुकं अजून पाण्यावर होतं. पक्षी उभे होते पण पाय दिसत नव्हते, नुसता गुलाबी रंग हवेत टांगलेला. आणि त्या धुक्यातून एक आवाज यायला लागला. भुंगा रानभर फिरावा तसा. जवळ यायचा, लांब जायचा, विरायचा, पुन्हा कुठूनतरी उगवायचा. मग चिखलाच्या सपाटीवरून एक लाल गाडी पळत आली. मांजराएवढी. चार उघडी चाकं, मागं निळसर धुराची शेपटी. आमच्यापुढं येऊन गर्रकन वळली आणि परत धुक्यात गेली.

मागं एक गोरापान माणूस हातात रिमोट घेऊन उभा होता. बारामतीचे दातांचे डॉक्टर. हेच पुढं माझे दात काढणार होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"हे काय जनावर?" तात्यांनी विचारलं.

"बग्गी म्हणतात हिला. रिमोटची गाडी."

"बॅटरीवर?"

"नाही, खरं इंजिन आहे. तेलावर चालतं."

गाडी तात्यांच्या पायाशी येऊन थांबली, घुरघुरत राहिली. तात्या उकिडवे बसले. सवयीनं तिच्या पाठीवर थाप मारली, बाजूला झाले. मग तो धूर त्यांनी नाकानं ओढून घेतला. मलाही वास आला. ओळखीचा होता, पण नाव आठवेना. तात्यांनी डोळे मिटले. माझी चिलापी घेऊन झाली, भाव करून झाला, कोवळं ऊन पाण्यावर पसरलं, तरी हा माणूस तिथंच. डॉक्टरांनी शेवटी स्वतःहून सांगितलं, "माझ्याकडं दोन आहेत. दोन्ही विकायच्या आहेत, घरातनं हुकूम निघालाय."

पुढं माझे उरलेले दोन दात ठणकायला लागले आणि मी बारामतीला जायला निघाले, तर एस.टी.च्या थांब्यावर तात्या धुतलेलं उपरणं घालून हजर. "तुमाला सोबत," म्हणाले. सोबत कसली, ते मला कळत होतं.

डॉक्टरांनी दोन्ही दात उपटले, कापसाचा बोळा दाबून ठेवला आणि बजावलं, "आजी, अर्धा तास तोंड उघडायचं नाही." इंजेक्शननं अर्धं तोंड माझं, अर्धं कुणा दुसऱ्याचं झालं होतं. दवाखान्याच्या मागं मोकळा प्लॉट होता. तिथं लिंबाखाली मला बाकावर बसवलं. दुपारचं ऊन, वर लिंबाची सळसळ, डोळ्यांवर गुंगी. पुढं जे झालं ते मी स्वप्नात बघावं तसं बघितलं, आणि बोलता येत नव्हतं ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

डॉक्टरांनी दोन गाड्या मांडल्या. एक निळी, एक लाल, दोन्ही तेलावरच्या.

"पहिल्यांदाच घेताय ना तात्या? मग माझं ऐका, या दोन्ही सोडा, दुकानातून बॅटरीची घ्या. चार्ज केली की पळते. आवाज नाही, धूर नाही, हात काळे होत नाहीत."

"आवाजच न्हाय?"

"अजिबात नाही."

"वास?"

"वास कशाचा येणार?"

"मग ती नगो," तात्या म्हणाले.

डॉक्टर मनानं चांगले. विकणारा असून घेणाऱ्यासारखे सांगत होते. "मग तेलाची जुनी घेताना एवढं बघायचं. विकणारा म्हणाला की कालपर्यंत पळत होती, आज तेल संपलंय, तर सरळ घरी यायचं. समोर सुरू करून दाखवली तरच बोलायचं."

"आमच्यात बी तसंच. चाल बघितल्याबिगर आमी दाव्याला हात लावत न्हाय."

"इंजिन थंड असताना हे चाक बोटानं फिरवा. फिरताना एका जागी घट्ट लागलं पाहिजे. गुळगुळीत फिरलं, तर इंजिन झिजलंय."

तात्यांनी फिरवलं. "छाती भरल्याली हाय."

"ही हवेची चाळणी. ही फाटकी किंवा मातीनं भरलेली असेल, तर बाहेरून गाडी कितीही चकचकीत असो, आत माती गेलेली असते."

तात्यांनी बोट घालून बघितलं. "नाकपुड्या सवच्छ. आता दात दाखवा."

"दात?" डॉक्टर हसले. "दात बघायचं काम माझं, तात्या. दिवसभर तेच करतो." तरी त्यांनी झाकण काढून आतली दातेरी चाकं दाखवली. तात्यांनी एकेक दातावरून नख फिरवलं. डॉक्टर वाकून बघत होते, तात्या वाकून बघत होते, आणि मी कापूस चावत बसले होते. जगात त्या दिवशी माझ्याशिवाय सगळ्यांना दात होते.

"पेट्रोल कधी घालायचं नाही. हिचं तेल वेगळं, डब्यात मिळतं, मी देतो. सुटे भाग मिळतात की नाही ते आधी बघायचं. या दोन्हींचे मिळतात. रिमोट बंद पडला तर गाडी आपोआप थांबली पाहिजे, नाहीतर पायात शिरते."

"ते समदं झालं," तात्या म्हणाले. "खोड काय?"

डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. "निळीला काही नाही. नुकतंच सगळं नवीन बसवलंय. तुम्ही निळीच न्या. लाल मी सुटे भाग काढून विकणार आहे. मागच्या डाव्या चाकाचं बेरिंग गेलंय. किरकिरतं आणि चाक ओढतं. शिवाय सुरू व्हायला रुसते. नव्या माणसाला नकोच."

दोन्ही पळवून दाखवल्या. तात्यांनी बघितलं नाही. डोळे मिटून, मान खाली घालून उभे राहिले. निळी एकसारखी गुणगुणत गेली, पाणी वाहावं तशी. तात्यांनी मान हलवली. मग लाल सुटली. तिचाही तोच सूर, पण वळणावर मधेच एक बारीक किर्र. पुन्हा सूर, पुन्हा किर्र. तात्यांनी बोट वर केलं. "आनखी एकदा." डॉक्टरांनी पुन्हा फिरवली. तात्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जणू लांबून कुणी त्यांना हाक मारतंय.

"ही," तात्या म्हणाले.

मी बाकावरून उठले. "ऊं! ऊं!" केलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, कापूस दाबून धरा."

"अहो, पण ती लंगडी आहे," डॉक्टर म्हणाले. "बरं, चार दिवस नेऊन बघा. नाही पटली तर परत आणा."

"बोली नगो. ठिवून घेतो."

बोली नको! तात्या म्हणाले, बोली नको! ज्या माणसानं कपाटसुद्धा बोलीवर आणलं होतं. मी पुन्हा ऊं केलं. तोवर तात्यांनी डॉक्टरांचा हात उपरण्याखाली ओढला होता आणि बोटं दाबायला सुरुवात केली होती. डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याला उन्हानं चक्कर आली. त्यांनी दुसऱ्या हातानं तात्यांची नाडी धरली. दोघंही बराच वेळ एकमेकांकडं गंभीरपणे बघत उभे.

"ठोके ठीक आहेत, तात्या."

"म्हंजे जमलं?"

"काय जमलं?"

शेवटी तोंडानं बोलावं लागलं. तात्यांनी लंगड्या लालला धडधाकट निळीचा भाव दिला. डॉक्टर नको म्हणत असताना दिला.

येताना एस.टी.त त्यांनी गाडी पोत्यात घालून मांडीवर घेतली. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय पोत्यात?"

"जनावर."

"जितं हाय का?"

"अजून कळायचंय," तात्या म्हणाले.

बाहेर उसाला तुरे आले होते. एका लयीत हलणारं पांढरं रान खिडकीतून मागं मागं जात होतं, कुठं संपेल असं वाटतच नव्हतं. माझी गुंगी उतरत होती. पोत्यातून तो ओळखीचा वास येत होता आणि डुलकीत मला उगाच घुंगरांचा आवाज ऐकू येत होता. अर्धा तास होऊन गेल्यावर मी कापूस थुंकला आणि म्हटलं, "तात्या, जन्मात पहिल्यांदा फसलात. लंगडं घेतलंत."

"व्हय," तात्या म्हणाले आणि बाहेर तुऱ्यांकडं बघत बसले.

मला वाटलं, संपला हा माणूस. इतकी वर्षं आतून सांगणारी होती, आता नाही, तर यांना चांगलं-वाईट कळेना झालं. आणि ती तिकडं खोलीत अशी बसलेली असताना हा खेळणं घेऊन येतो. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तोंडही दुखत होतं.

गाडी सुरू करणं सोपं नव्हतं. इंजिनच्या डोक्यावर एक गरम कांडी लावायची, तेल ओढून घ्यायचं आणि दोरी खेचायची. तात्यांनी तेल जास्त ओढलं, इंजिन भिजलं. दोरी खेच खेच खेचली. मी भिंतीवरून बघत होते. "दूध काढताय का विहिरीचं पाणी?" म्हटलं. तात्या गाडीला चुचकारत होते, तिच्या कानात, म्हणजे जिथं कान असायला पाहिजे तिथं, काहीतरी बोलत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांना फोन झाला. कांडी बदलली.

मग एक दिवस, ऊन कलल्यावर, ती धडपडत पेटली. कोंबड्या उडून माझ्या अंगणात आल्या. तात्यांनी रिमोट दोन्ही हातांत कासऱ्यासारखा धरला होता. गाडी गव्हाणीवर आपटली, उलटी फिरली, मग एकदाची गोल पळायला लागली. बैल जिथून फिरायचे त्याच वाटेनं. घुंऽऽ, आणि वळणावर किर्र. घुंऽऽ, किर्र. निळा धूर रिकाम्या गोठ्यात शिरला, ओट्यावर चढला, दारातून आत गेला. तात्यांचं लक्ष गाडीकडं नव्हतंच. दाराकडं होतं. एक फेरी, दुसरी फेरी. उन्हात धूर तरंगत होता. मला वाटलं, आता थांबवावं यानं.

तेव्हा आतून आवाज आला. इतक्या दिवसांनी, घोगरा.

"मागचा डावा."

तात्यांनी गाडी थांबवली. "काय म्हनलीस?"

"मागचा डावा ओढतंय. ऐकू येत न्हाय का?"

"कुठं? धडधाकट हाय. नीट बघून आनलंय."

"तुमी बघितलं! तुमाला कदी काय दिसलंय? फिरवा परत."

तात्यांनी परत फिरवली.

"किरकिरतंय बगा वळताना. फसवलं तुमाला कुणीतरी. बोलीवर आनलंय न्हवं?"

"न्हाय. ठिवून घेतलं."

"बोली न करता?" गोदा आतून ओरडली. "माज्या म्हागारी काय काय इकत घेतलंय आनखी? आनि हे एरंडेल कुठनं आलं? गाडीच्या आसाला घालायचो तसलंच. वंगण करताय व्हय घरात?"

तो वास एरंडेलाचा होता. डॉक्टरांनी पुढं सांगितलं की त्या तेलात एरंडेल मिसळलेलं असतं. पूर्वी बैलगाडीच्या आसाला आम्ही तेच घालायचो. मला दोनदा वास घेऊन आठवलं नाही, तिला आतल्या खोलीत आठवलं.

गोदा बोलत राहिली. तात्यांची अक्कल काढली, त्यांच्या भावाची काढली, कुठल्याशा जुन्या काळ्या बैलाची गोष्ट काढली, चहात मीठ कुणी घातलं होतं तेही काढलं. ते तिला माहीत होतं तर! तात्या अंगणात खाली मान घालून, रिमोट छातीशी धरून उभे. मी भिंतीवरून त्यांचं तोंड बघितलं आणि वळले. दुसऱ्याच्या घरात किती वेळ बघायचं.

दुसऱ्या दिवशी नीट ऐकू यावं म्हणून गोदा उंबऱ्यापर्यंत आली. मग ओट्यावर. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं, काठची जमीन उघडी पडली, तशी तात्या तिला हाताला धरून तिथं न्यायला लागले. मीही जाते, घरी काय करायचं. संध्याकाळी तिथं लांबच्या लांब सपाटी असते, तडकलेली, मऊ, आणि तिच्या कडेला पाणी कुठं सुरू होतं आणि आभाळ कुठं, ते कळत नाही. गोदा प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. गाडी लांब जाते, अगदी ठिपका होते, मग तोही दिसेनासा होतो. आम्हा डोळसांना कळत नाही कुठं गेली. गोदाची मान मात्र हळूहळू फिरत असते. सूर्यफुलासारखी, पण सूर्य मागं असतो. "त्या बाभळीपाशी वळली," ती म्हणते, आणि जरा वेळानं बाभळीपासून गाडी परत येताना दिसते.

एका रविवारी डॉक्टर आले, गोदाच्या खुर्चीपासून जरा लांब आम्हाला काठावर भेटले. माझी कवळी नीट बसली का ते बघितलं, आणि खिशातून एक छोटं चकचकीत कडं काढलं. जुन्या चाराण्याएवढं. "तात्या, नवीन बेरिंग. भेट माझ्याकडून. पाच मिनिटांचं काम आहे, आत्ता बसवून देतो."

तात्यांनी ते घेतलं, कपाळाला लावलं, म्हणाले, "उनं कमी झाली की बसवू." डॉक्टरांना काही कळलं नाही. ते पक्ष्यांचे फोटो काढायला निघून गेले, उन्हाळ्यात पक्षी नसतात तरी.

मला आडपडदा जमत नाही. मी तिथंच, हळू आवाजात विचारलं, "तात्या, बसवून का घेतलं नाही? तिला रोज त्याचाच त्रास हाय. रोज बोलती."

तात्यांनी गोदाकडं बघितलं. ती खुर्चीत बसून लांब उभ्या गाडीची घुरघुर ऐकत होती, ओठ हलत होते. पुढच्या फेरीला काय बोलायचं ते जुळवत असावी. मग तात्यांनी माझा हात उपरण्याखाली ओढला. मी म्हटलं, "मला बोटांचा हिशोब येत न्हाय." त्यांनी बोटं दाबली नाहीत. तळव्यावर ते गार कडं ठेवलं आणि माझी मूठ मिटवली.

"घरात ठिवलं तर तिच्या हाताला लागंल," ते पुटपुटले.

एवढंच झालं. सौदा झाला.

आता रोज दिवस मावळताना भिंतीपलीकडून ऐकू येतं. "अवो, उद्या तरी न्या तिला डॉक्टरकडं. मागचा डावा लई ओढायला लागलाय."

"न्हेतो," तात्या म्हणतात.

"कालबी न्हेतो म्हनला व्हता."

"उद्या न्हेतो."

मी कवळी काढते आणि डबीत ठेवते. ते कडं तिथंच आहे. पहिल्या दिवशी डबी ठेवताना कवळीवर आपटून वाजलं, आणि पलीकडं गोदा बोलता बोलता थांबली. तेव्हापासून डबीत मी ओल्या फडक्याची घडी घालते. तिचे कान फार वाईट आहेत.